स्पर्धेआधीचे तीन आठवडे: शाळेच्या रोइंग संघाची मने कशी तयार करावीत

चार वल्हेकरी आणि एक कॉक्स (दिशा सांभाळणारा आणि हाका देणारा) बसणारी बोट, म्हणजे कॉक्स्ड फोर, नियमानुसार कमीत कमी ५१ किलोची असते. तिच्यात बसणाऱ्या चार शाळकरी मुलांचे वजन मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो भरते. म्हणजे बोटीच्या चौपट-पाचपट वजन सरकत्या सीटवर मिनिटाला तीस-पस्तीस वेळा पुढे-मागे होत असते. एखादा मुलगा घाईघाईने पुढे येऊन कॅचला, म्हणजे वल्हे पाण्यात घालायच्या क्षणी, आदळला, की स्वतःला थांबवायला तो पायांनी फूटबोर्ड दाबतो. वल्हे अजून पाण्यात गेलेले नसते. तो सगळा दाब बोटीचा वेग मारण्यात खर्च होतो. काठावरून बघणाऱ्याला वाटते, पोरं काय जीव तोडून मारताहेत! बोट मात्र दर वल्ह्याला अडखळत असते.

म्हणून या खेळात चढवलेला जोश महाग पडतो. कबड्डीच्या मैदानात उतरण्याआधी घोषणा देऊन अंगावर काटा आणता येत असेल. स्टार्टला बसलेल्या चौघांचे तसे केले, तर पहिल्या दोनशे मीटरमध्ये मुले स्लाइडवर, म्हणजे सीटच्या रुळांवर, धावू लागतात आणि पाचशेला त्यांचे पाय संपलेले असतात. शालेय संघांच्या शर्यतींत हे दर वर्षी दिसते, आणि तरी दर वर्षी कोणी ना कोणी सर धक्क्यावर उभे राहून ‘आज करो या मरो’ सुरू करतातच.

मग मुलांना उभारी द्यायची ती कशी? पंधरा वर्षांच्या मुलाला प्रतिस्पर्ध्याची भीती तशी कमी असते. त्याला खरी धास्ती असते ती आपण ऐन वेळी गोंधळू, आपल्यामुळे बोट हरेल, याची. ही धास्ती भाषणाने जात नाही, पुढचे वल्हे काय आहे हे माहीत असले की जाते. शेवटच्या तीन आठवड्यांत कोचचे काम म्हणजे मुलाच्या डोक्यातले अनिश्चित एकेक करून काढून टाकणे. हा लेख शाळेचे क्रीडाशिक्षक आणि नवे कोच यांच्यासाठी आहे. उदाहरणाला १००० मीटरची कॉक्स्ड फोर घेतली आहे. तुमची शर्यत ५०० किंवा २००० मीटरची असेल, बोट डबल किंवा क्वाड (प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असलेली, दोघांची किंवा चौघांची) असेल, तर आकडे बदलून घ्या.

पहिली पायरी: बोटीत कोण, हे एकदाच आणि वेळेवर सांगा

स्पर्धेला साधारण तीन आठवडे उरले, की बोट पक्की करा. निवड लोंबकळत ठेवली म्हणजे मुले शेवटपर्यंत जीव लावतील, असा एक समज आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. निवड टांगणीला असेल तर मुलगा बोटीसाठी वल्हवत नाही, शेजारच्याला हरवण्यासाठी वल्हवतो. वल्ह्यावर दिसेल असा जोर लावतो, पाणी उडवतो, आणि लयीकडे दुर्लक्ष करतो.

निवड कशावरून झाली हे मुलांना समजेल असे ठेवा. अर्गवरचा, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग मशीनवरचा, वेळ हा एक भाग. पण अर्गला तोल नसतो, वारा नसतो आणि पुढच्याच्या पाठीशी जुळवून घ्यावे लागत नाही, त्यामुळे फक्त त्यावर बोट ठरवू नये. दोन बोटी असतील तर सीट रेस घ्या: दोन्ही बोटी ठराविक अंतर शेजारीशेजारी पळवायच्या, दोन मुलांची अदलाबदल करायची, पुन्हा पळवायच्या आणि अंतरातला फरक बघायचा. स्ट्रोक रेट, म्हणजे मिनिटाला किती वल्ही, मात्र दोन्ही वेळा सारखा ठेवा, नाहीतर त्या तुलनेला अर्थ राहत नाही. निकाल मुलांच्या डोळ्यांसमोर लागतो, त्यामुळे नंतरची कुजबुज कमी होते.

ज्याला वगळले त्याला यादी लावण्याआधी एकट्याला बोलावून सांगा. कारण एका वाक्यात सांगा आणि ते खरे सांगा. ‘पुढच्या वर्षी तुझेच नाव’ असली आश्वासने देऊ नका. मुले ती विसरत नाहीत. त्याच भेटीत त्याला राखीव म्हणून नेमके काम द्या. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी वल्हवण्याचा सराव त्याने ठेवायचा, कारण ताप कोणाला येईल हे आधी कळत नसते. बोट उचलायला तो लागतो, स्टॉपवॉच त्याच्याकडे, १० आणि १३ चा पाना त्याच्याकडे, प्रत्येकाच्या फूटबोर्डचा खाच-क्रमांक लिहिलेली वही त्याच्याकडे. राखीव मुलगा कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेला दिसला, तर समजा की तुमच्या संघात कुठेतरी बिनसले आहे.

सीटचा क्रम पक्का करताना प्रत्येकाला त्याच्या सीटचा मान कळू द्या. स्ट्रोक सीटवरच्याला, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाकडच्याला, सगळे ओळखतात, कारण लय तो देतो. मधल्या दोघांना वाटते आपण फक्त इंजिन. बोवरच्याला तर अनेकदा वाटते, आपण हलके म्हणून सरांनी पुढच्या टोकाला ढकलले. त्याला सांगा, की टोकाला असल्याने त्याच्या हाताच्या उंचीतला थोडासा फरकही बोटीचा तोल बिघडवतो आणि सावरतोही, शिवाय शेवटची रेषा वल्हेकऱ्यांपैकी सर्वांत आधी तोच ओलांडतो. मुलांना ही गोष्ट आवडते.

दुसरी पायरी: प्रत्येकाला एकच वाक्य

आता चौघांना आणि कॉक्सला बसवून विचारा: शर्यतीत तुझे काम काय? पहिले उत्तर येईल, ‘सर, जोरात मारायचे.’ ते मान्य करू नका. काम असे हवे, जे थकल्यावरही करता येईल आणि झाले की नाही हे त्याचे त्याला कळेल. ‘फिनिशला, वल्हे पाण्याबाहेर आले की, हात लगेच पुढे सोडायचे.’ ‘कॅचला खांदे उचलायचे नाहीत.’ ‘पाय सरळ होईपर्यंत पाठ उघडायची नाही.’ ‘पुढच्याची पाठ बघायची, वल्ह्याचे ब्लेड नाही.’

प्रत्येकाचे असे एकच वाक्य त्याच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या. तीन लिहिली तर एकही लक्षात राहत नाही. पुढचे तीन आठवडे त्याच्याशी बोलताना त्या एका वाक्यापुरतेच बोला. कोचला दुसऱ्या दहा चुका दिसत असतात, तरी जीभ आवरावी लागते. स्पर्धेच्या तोंडावर तंत्रात नवे काही दुरुस्त होत नाही, फक्त मुलाचा स्वतःवरचा विश्वास हलतो.

पदकाचे काय? पदक हवेच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि मुलांनाही ते ढोंग वाटते. एकदा मोकळेपणाने बोलून घ्या की आपण फायनलला जाऊ शकतो, किंवा पहिल्या तिघांत येऊ शकतो. आकडा तुम्हाला प्रामाणिकपणे पटलेला हवा. मग तो विषय बंद. शेजारच्या लेनमधल्या बोटीचा वेग आपल्या हातात नसतो, आणि जे हातात नाही त्याचा विचार मुलगा रात्री अंथरुणात करत राहतो.

तिसरी पायरी: शर्यत वल्ह्यांत मोजा

चांगल्या पाण्यावर शाळकरी मुलांची कॉक्स्ड फोर १००० मीटरला चारेक मिनिटे घेते. मिनिटाला ३२-३४ चा रेट धरला तर साधारण १३० वल्ही होतात. मुलांना हे सांगून बघा. ‘हजार मीटर’ ऐकून छाती दडपते. ‘एकशेतीस वल्ही’ म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर दिसते, अरे, एवढीच?

आता ही १३० वाटून द्या. पहिली पाच सुरुवातीची: पाऊण स्लाइड, अर्धी, पाऊण, पूर्ण, पूर्ण. त्यापुढची पंधरा चढ्या रेटने. मग सर्वांत महत्त्वाचा क्षण, म्हणजे रेट दोन-तीनने खाली आणून लांब वल्ह्यावर बसणे. शालेय शर्यती इथेच जिंकल्या आणि हरल्या जातात. शेजारची बोट दिसत असते, कोणालाच खाली यायचे नसते, आणि सगळे जण आखडत्या वल्ह्यांनी पुढे रेटत राहतात. सरावात बाकी काही झाले नाही तरी चालेल, पण हा बदल रोज करा. स्टार्ट, पंधरा, आणि खाली. दुसरी बोट मुद्दाम शेजारी पुढे काढून ठेवा आणि तरीही खाली यायला लावा. पाचशेला एक पॉवर टेन, म्हणजे पूर्ण जोराची दहा वल्ही. मग सहाशे ते आठशेच्या दरम्यानचा ओसाड पट्टा, जिथे सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो आणि शेवटची रेषा अजून लांब असते. मन इथेच सोडून देते. म्हणून या पट्ट्यात काहीतरी आधीच ठरलेले हवे: दोनदा दहा-दहा वल्ही, पहिली दहा फक्त पायांसाठी, दुसरी दहा फक्त एकत्र कॅचसाठी. शेवटच्या अडीचशेला दर पाच वल्ह्यांनी रेट एकेक वर.

हे पाठ करून घ्यायची सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे जमिनीवरची शर्यत. संध्याकाळी वर्गात किंवा हॉस्टेलच्या व्हरांड्यात मुलांना बोटीच्या क्रमाने खाली बसवा, डोळे मिटायला सांगा, कॉक्स समोर. स्टॉपवॉच लावा. ‘अटेन्शन’, मग ‘गो’, आणि कॉक्सने सगळी शर्यत खऱ्या वेळेत, पूर्ण चार मिनिटे बोलायची. हात थोडे हलले तरी चालतील. पहिल्या दिवशी मुले हसतात. हसू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉक्सने पाचशेला ‘टेन’ म्हटले, की चौघांचा श्वास एकदम बदललेला ऐकू येतो. पुण्यात मुळा-मुठेवर काय किंवा नाशिकला गोदावरीवर काय, जलपर्णीने पाणी व्यापले की सरावाचे दिवस बुडतात. अशा वेळी अर्ग आणि ही जमिनीवरची शर्यत, एवढेच हातात उरते.

चौथी पायरी: कॉक्सवर वेगळी मेहनत

शर्यतीत तुम्ही काठावर असता. त्या चार मिनिटांतली सगळी प्रेरणा कॉक्सच्या तोंडून येते, आणि आपल्याकडे कॉक्सची निवड ‘सर्वांत हलका कोण’ एवढ्यावरच होते. कॉक्सला नियमाने किमान वजन असते, कमी पडल्यास वाळूची पिशवी घेऊन ते भरतात. तेव्हा दोन किलो हलका कॉक्स शोधण्यापेक्षा डोके थंड असलेली मुलगी किंवा मुलगा शोधा.

कॉक्सला तीन गोष्टी शिकवा. एक, खोटे बोलायचे नाही. मागे असताना ‘आपण पुढे आहोत’ म्हटले आणि स्ट्रोकने मान वळवून पाहिले, की उरलेल्या शर्यतीत त्या आवाजाला किंमत राहत नाही. ‘तीन नंबरची बोट अर्धी लांबी पुढे, आपण येतोय’ हे चालते. दोन, ‘मारा, मारा, अजून जोरात’ याचा काही उपयोग नसतो. मुले आधीच जोरात मारत असतात. ‘पाय’, ‘लांब’, ‘एकत्र’, ‘शांत या’ असे एकेक शब्द, वल्ह्याच्या तालात, ज्या भाषेत बोट रोज बोलते त्याच भाषेत. तीन, नाव घेऊन हाक द्यायची ती फक्त कौतुकाला. दमलेल्या मुलाला चौघांसमोर नावाने टोकले तर तो तिथेच मिटतो.

सरावाचे रेकॉर्डिंग मोबाइलवर करून कॉक्सला तिचे तिलाच ऐकू द्या. किती वेळा घाबरून आवाज चढला, हे तिला तुम्ही सांगण्याआधी कळते. आणि दिशेची जबाबदारी आधी, बोलणे नंतर. वेडीवाकडी गेलेली बोट हजाराऐवजी त्याहून जास्त अंतर कापते, मग कितीही गोड बोला.

पाचवी पायरी: सराव कमी करा आणि मुलांना त्याची पूर्वसूचना द्या

शेवटच्या दहा-बारा दिवसांत एकूण अंतर हळूहळू निम्म्याच्या आसपास आणायचे, तीव्रता मात्र तशीच ठेवायची. पाण्यावर जायचे दिवस फारसे कमी करू नका, फेरी लहान करा: वॉर्म-अप, दोन-तीन स्टार्ट, शर्यतीच्या वेगाने २५० मीटरचे एक-दोन तुकडे, परत.

गंमत अशी, की आराम मिळाल्यावर मुलांना बरे वाटण्याऐवजी काही दिवस विचित्र वाटते. पाय जड लागतात, झोप उडते, चिडचिड होते, ‘सर, आपली तयारी उतरतेय’ अशी कुरकुर सुरू होते. आधी सांगितले नसेल तर मुलगा गुपचूप पहाटे धावायला जातो. तेव्हा आराम सुरू करण्याच्या दिवशीच सांगून टाका: गुरुवार-शुक्रवारकडे तुम्हाला आळसावल्यासारखे वाटेल, ते बरोबर चालल्याचे लक्षण आहे. सांगितल्याप्रमाणे घडले की मुलांचा तुमच्यावर विश्वास बसतो, आणि तो विश्वास शर्यतीच्या दिवशी कामी येतो.

या काळात २००० मीटरची अर्ग टेस्ट घेऊ नका. चांगली आली तर थोडा आनंद, वाईट आली तर आठवडाभर मनात काटा. अर्गवर लहान, खात्रीने जमणारे तुकडे द्या. मुलाने मशीनवरून उठताना स्वतःशी ‘जमतंय’ म्हटले पाहिजे.

वजनाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. लाइटवेट (वजनमर्यादेचा) गट असो की कॉक्सचे वजन, वाढत्या वयाच्या मुलांना पाणी तोडून, उपाशी ठेवून, रेनकोट घालून पळवून वजन उतरवायला लावू नका. तब्येतीला ते घातक आहे आणि रोइंगलाही मारक आहे. आणि घरातून सर्दी-खोकल्याचे औषध दिले जाते, तिकडेही लक्ष ठेवा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि स्पर्धेच्या काळात ते ठराविक प्रमाणापलीकडे प्रतिबंधित आहे. औषध देण्याआधी डॉक्टरांना ‘हा राष्ट्रीय स्पर्धेला चाललाय’ एवढे सांगायची सवय पालकांना लावा.

सहावी पायरी: ‘काय झालं तर’चा कागद

एका संध्याकाळी मुलांना विचारा, सर्वांत वाईट काय होऊ शकते? सगळे फळ्यावर लिहा. लाजू देऊ नका. क्रॅब बसला, म्हणजे वल्हे पाण्यात अडकले, तर. सीट रुळावरून निसटली तर. स्टार्टला बोट वाकडी असताना ‘गो’ म्हटले तर. फॉल्स स्टार्ट झाला तर. मोटरबोटीच्या लाटा आल्या तर. ‘सर, मला मध्येच उलटी झाली तर?’ हा प्रश्न एकजण तरी विचारतोच, आणि तो विचारला गेला की बाकीचे सैल होतात, कारण सगळ्यांच्या मनात तेच असते.

प्रत्येकासमोर उत्तर लिहा आणि जमेल ते पाण्यावर करून बघा. क्रॅब: हँडलशी झटापट नको, ब्लेड मोकळे करून पुढच्या कॅचला सामील, कॉक्सने ‘तिघे चालू’ म्हणायचे. फॉल्स स्टार्ट: एकदा झाल्यास ताकीद, त्याच बोटीकडून पुन्हा झाल्यास बाद. म्हणून ताकीद मिळालेली बोट दुसऱ्या वेळी अंमळ उशिरा निघाली तरी चालेल, हे आधीच ठरवून ठेवा. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

मुद्दाम बिघडवलेला एक सराव जरूर घ्या. एक मुलगा पन्नास मीटरवर न सांगता वल्हे सोडेल, असे फक्त त्याच्याशी ठरवा आणि बघा बोट किती वल्ह्यांत सावरते. पहिल्यांदा गोंधळ आणि भांडण. तिसऱ्यांदा कोणी बोलतही नाही, बोट चालू लागते.

सातवी पायरी: घर आणि शाळा

मुलावरचे निम्मे दडपण बोटीबाहेरून येते. दहावीचे वर्ष, क्लास बुडतो म्हणून घरी धुसफूस, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेत सगळ्या शाळेसमोर मागितलेले ‘सुवर्णपदक’, आणि आजोळपासून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेला फोटो. पालकांची अर्ध्या तासाची बैठक दोन आठवडे आधी घ्या. त्यांना सांगायचे एवढेच: परतल्यावर बुडलेला अभ्यास कसा भरून निघेल ते आपण शाळेशी बोललो आहोत. शर्यतीच्या दिवशी फोन करायचा तर ‘जेवलास का’ एवढेच विचारा. पदक, नंबर, शेजारचा अमका, काही नको. आई-वडील ऐकतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

मुख्याध्यापकांना सांगणे जरा अवघड, ते तुमचे तुम्ही बघा. मी सत्कार परतल्यावर ठेवा असे सुचवतो.

आठवी पायरी: जागेवर पोचल्यावर

राष्ट्रीय स्पर्धा हैदराबादच्या हुसेन सागरावर, भोपाळच्या मोठ्या तलावावर, चंदीगडच्या सुखना सरोवरात आणि पुण्यात दापोडीच्या आर्मी रोइंग नोडलाही झालेल्या आहेत. शांत नदीवर किंवा धरणाच्या आडोशाला सराव केलेल्या मुलांना उघड्या तलावावरचा वारा पहिल्यांदा लागतो तेव्हा त्यांची तोंडे उतरतात. त्यांना आधीच सांगा, लाट सगळ्या लेनना आहे. वाऱ्यामुळे वेळा बदलतात, म्हणून कालच्या गटाची वेळ आणि आपली वेळ यांची तुलना करत बसू नका. मोठ्या राज्यांचे, सैन्याच्या अकादमींचे उंचपुरे खेळाडू बघून दबणेही तिथलेच. ते तुमच्या गटात आहेत का, ते आधी बघा. बहुतेक वेळा नसतात.

पहिल्या दिवशी वेगाचे काही करू नका. सगळी जागा पायाखालून घाला: धक्का कुठे, स्वच्छतागृह कुठे, वजनकाटा कुठे, स्टार्टला जायचा आणि यायचा रस्ता कुठला, पाचशेचा खांब कसा दिसतो, शेवटच्या अडीचशेची खूण कोणती. कॉक्सने या खुणा वहीत काढून घ्यायच्या. बोट आयोजकांची मिळाली असेल, तर राखीव मुलाची ती खाच-क्रमांकांची वही आता कामाला येते. प्रत्येकाने आपला फूटबोर्ड लावून दहा मिनिटे बसून बघायचे. परक्या बोटीत पाय नीट बसले की मुलाचा चेहरा लगेच मोकळा होतो. बुटांच्या टाचेच्या दोऱ्या आणि बोटीच्या पुढच्या टोकावरचा रबरी चेंडू तपासा. ते नसले तर बोट पाण्यात सोडत नाहीत, आणि ऐन वेळची ती धावपळ तीन आठवड्यांची शांतता पाच मिनिटांत घालवते.

नववी पायरी: आदली रात्र

जेवण साधे, ओळखीचे आणि लवकर. वरण-भात, पोळी, दही. यजमानांच्या मेसमधले तिखट मसालेदार चमचमीत काही असेल ते स्पर्धा संपल्यावर. साडेनऊला फोन गोळा करा, तुमचाही त्याच पिशवीत टाका. मग जमिनीवरची शर्यत एकदा आणि झोप.

झोप लागली नाही तर? मुलांना सांगून ठेवा, की एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने शर्यत बिघडत नाही, आधीच्या चार-पाच रात्री मोजायच्या असतात. हे कळले की बहुतेकांना झोप लागते. प्रेरणादायी सिनेमे, विजेत्यांच्या चित्रफिती या रात्री नकोत. एखादी गोष्ट सांगायचीच असेल तर अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांची सांगा. टोकियो ऑलिंपिकमध्ये लाइटवेट डबल स्कल्सच्या पहिल्या फेरीत ही जोडी पाचवी आली होती. रेपेचाजमधून, म्हणजे मागे पडलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीच्या शर्यतीतून, ती उपांत्य फेरीत गेली आणि शेवटी अकरावी आली. त्या वेळेपर्यंत ऑलिंपिक रोइंगमधली ती भारताची सर्वांत चांगली कामगिरी होती.

दहावी पायरी: शर्यतीची सकाळ

शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा इडली. तासभर आधी केळे. पाणी थोडे थोडे. काहींना एक घासही जात नाही, त्यांना बळे भरवू नका, केळे आणि लिंबू-सरबत पुरे.

हात गार पडणे, जांभया येणे, दहा मिनिटांत तीनदा स्वच्छतागृहात जाणे, पोटात गोळा येणे, हे सगळे शरीर कामाला लागल्याचे लक्षण आहे, असे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. ‘घाबरू नकोस’ म्हटले की मुलाला वाटते आपण घाबरलोय हे सरांना दिसले. त्याऐवजी श्वासाचे काम द्या: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. हाताला काम द्या: सीटची चाके पुसा, ब्लेड ओळीने लावा, वल्हे अडकवायची गेट घट्ट आहेत का बघा. चौघांची मानसिक घडण एकसारखी नसते. एकाला गप्प बसायचे असते, दुसऱ्याला बडबड करून मोकळे व्हायचे असते. दोघांनाही मुभा द्या, फक्त बडबड्याला गप्प बसणाऱ्यापासून चार हात लांब ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी एक मिनिट बोला. त्याहून जास्त नाही. काय बोलावे याचा हा नमुना, शब्द तुमचे घाला:

‘इकडे बघा. स्टार्टची पाच, पंधरा, आणि मग खाली यायचं. शेजारचे पुढे गेले तरी खाली यायचं. सहाशेनंतर कॉक्सचा आवाज, दुसरं काही नाही. आपापलं वाक्य आठवा. पाणी छान आहे, जा.’

‘तुमच्यासाठी शाळेने एवढा खर्च केला’, ‘आई-वडिलांची मान खाली जाऊ देऊ नका’, ‘मागच्या वर्षीचा बदला’ ही वाक्ये तोंडातून निघता कामा नयेत. ती ऐकलेला मुलगा बोटीत एकटा बसत नाही, सगळे घर बरोबर घेऊन बसतो. ५१ किलोच्या बोटीला ते ओझे जास्त होते.

वॉर्म-अपचा क्रम रोजच्या सरावाचाच ठेवा. शर्यतीच्या ठरलेल्या वेळेआधी दोन मिनिटे बोट स्टार्टला लागलेली असावी लागते, उशीर झाला तर ताकीद मिळू शकते. म्हणून कॉक्सच्या मनगटावर घड्याळ, आणि ते आयोजकांच्या घड्याळाशी सकाळीच जुळवलेले.

अकरावी पायरी: हीट (पहिल्या फेरीची शर्यत) संपल्यावर

धक्क्यावर परतल्यावर पहिली पंधरा मिनिटे निकालावर चर्चा नाही. बोट पुसायची, पाणी प्यायचे, दहा मिनिटे हलके चालायचे, खायचे. मग तीन प्रश्न: काय ठरल्याप्रमाणे झाले? काय नाही झाले? पुढच्या शर्यतीत एक गोष्ट कोणती बदलायची? उत्तरे मुलांकडून येऊ द्या, आधी कॉक्सकडून. बदल एकच करायचा.

हीट वाईट गेली असेल तर रेपेचाज आहे, आणि त्याची मानसिक तयारी घरून निघतानाच झालेली असावी. रेपेचाज हा शर्यतीच्या रचनेचाच भाग आहे, तो शिक्षेसारखा मांडू नका. इथे इंडोनेशियातल्या पालेंबांगची गोष्ट सांगावी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २३ ऑगस्टला आपला चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आजारी अवस्थेत एकेरीच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, तोच दत्तू स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाड्रुपल स्कल्समध्ये बसला आणि चौघांनी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. मुलांना मात्र हेही सांगा, की आजारी असाल तर सरांपासून लपवायचे नाही. राखीव मुलगा त्यासाठीच तर आणलाय.

हीट चांगली गेली असेल तर काम उलट अवघड. मुले हवेत असतात, फोन मागतात, घरी कळवायचे असते. कळवू द्या, पाच मिनिटे, आणि फोन परत पिशवीत. फायनलच्या आधी पहिल्या दिवशीचेच जेवण, तीच जमिनीवरची शर्यत, तेच एक मिनिटाचे बोलणे. फायनल आहे म्हणून नवे काही काढू नका, ‘आता रेट दोनने वाढवू’ असे तर मुळीच नाही.

पदकांची फायनल ए हुकली आणि त्याखालच्या क्रमांकांची फायनल बी वाट्याला आली, तर तीही तेवढ्याच तयारीने खेळवा. दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये फायनल सी मध्ये, म्हणजे १३ ते १८ क्रमांकांच्या शर्यतीत, पहिला आला होता, म्हणून त्याचा एकूण क्रमांक तेरावा लागला. तिथे त्याने हात आखडता घेतला असता तर तो अठरावाही आला असता. मुलांना निकालाचा कागद दाखवून हा हिशेब समजावून सांगा, शर्यतीची वेळ सांगा, आणि राखीव मुलाला पाना घेऊन बोटीकडे पाठवा.